पायापुरता वसंत

४ मार्च, सकाळ

नव्या रोजनिशीचं पहिलं पान. आयुष्यभर पत्रंच लिहिली, त्यामुळे विचारपूस केल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. तर आधी ती.

ही कशी आहे? (ही म्हणजे आमच्या सौ.) काल लेकीकडे सुखरूप पोचली. प्रकृती ठणठणीत. फोनवर माझ्याशी दोन वाक्यं आणि सुनेशी अर्धा तास बोलली.

लेक कशी आहे? आठवा महिना. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. पाय गार पडतात म्हणे.

जावई? घाबरलेले आहेत. म्हणजे ठीक आहेत.

चिरंजीव? पित्त. त्यावर उपाय म्हणून दिवसभर फोन बघणे.

सूनबाई? सर्दी गेली. चेहऱ्यावरून मात्र काहीतरी लपवते आहे.

आणि मी? गुडघा सोडला तर उत्तम. नजर तर विशीतल्या पोराची.

४ मार्च, संध्याकाळ

सुनेबद्दल जे लिहिलं त्याला आधार आहे. परवा ही निघायच्या आधी दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो तर दोघींनी मिठाची गुळणी धरली. ही म्हणाली, डब्यांविषयी बोलत होतो. डब्यांविषयी कुणी इतकं हळू बोलतं का? तीसेक वर्षं रंगाच्या दुकानात काउंटरवर काढली आहेत. समोरचं माणूस तोंडाने काय म्हणतंय आणि मनात काय आहे, हे मला लांबून कळतं.

पाणी कुठेतरी मुरतंय. डोळ्यांत तेल घालून राहणे.

५ मार्च

आज लेकीशी बोललो. हसली, पण आवाजात दम नव्हता. म्हणाली, बाबा, दिवसभर कुशीवर पडून असते. या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. वसंत आला की नाही तेही कळत नाही.

फोन ठेवल्यावर बराच वेळ बाल्कनीत उभा होतो. समोरच्या झाडाला नवी पालवी फुटली आहे. फुलंही आलीत. आमच्या दारात एवढं सगळं, आणि पोरीच्या समोर भिंत. तिकडे जावं म्हटलं तर जास्तीचा पलंग एकच, त्यावर ही. मी गेलो तर जावयांना बाथटबमध्ये झोपावं लागेल.

निर्णय: लेकीला मोजे विणून पाठवायचे. वसंताच्या रंगांचे. पाय गरम राहतील आणि नुसती मान खाली केली की वसंत दिसेल.

विणता येत नाही. पण मला सायकल दुरुस्त करता येत नव्हती, हार्मोनियम वाजवता येत नव्हती, सगळं माझं मीच शिकलो. (हार्मोनियम शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून थांबवली.) आणि मोज्यात अवघड काय असतं? रंगांची निवड. ती तर माझ्या रक्तात आहे.

६ मार्च

फोनवर विणकामाचे व्हिडिओ पाहिले. एक बाई फार भरभर विणते. मुद्दाम. शिकवायचं नसलं की माणसं अशीच भरभर करून दाखवतात.

दुपारी डिझाइन केलं. वरची पट्टी पिवळी, म्हणजे ऊन. पोटरीला हिरवं, म्हणजे पालवी. घोट्याजवळ राखाडी रेघ, सकाळच्या धुक्याची. टाच गुलाबी, फुलांची. तळवा पुन्हा हिरवा. बोटांशी तपकिरी, म्हणजे माती.

सुनेला वाचून दाखवलं. ऐकत राहिली. म्हणाली, बाबा, तुम्ही रंगांबद्दल बोलायला लागलात ना की दिसायलाच लागतात. मग म्हणाली, लोकर आणायला मी येते बरोबर.

का? मी काय हरवणार आहे? तिच्या ऑफिसची वेळ साधून एकटाच जाणार.

७ मार्च

लोकरीचं दुकान छोटं, पण छतापर्यंत रचलेलं. दुकानदारीण चष्म्यावरून बघते. मी लेबलं वाचून वाचून पाच रंग काढले. हिरवा भरपूर, तपकिरी एकच गुंडा, बोटांपुरता. ती म्हणाली, लेबलं फेकू नका हं काका, जपून ठेवा.

मला सांगते! ज्याने उभ्या गावाला भिंतींचे रंग निवडून दिले त्याला! दुकानात लोक नुसते "काहीतरी हलकंसं" म्हणत यायचे. मी शेडकार्ड उघडायचो आणि सांगायचो, हा घ्या, एकशे चौदा नंबर, पावसानंतरची सकाळ. माणूस डोळे मिटून घ्यायचा आणि दोन डबे घेऊन जायचा. एक तक्रार नाही.

घरी येताच पाचही लेबलं काढून टाकली. लेबल नवशिक्यांसाठी असतं.

९ मार्च

टाके घालायला शिकलो. चार सुया, चारही माझ्या विरोधात.

११ मार्च, सकाळ

पिवळी पट्टी झाली. दोनदा उसवावी लागली, त्यात माझा दोष नाही. व्हिडिओतली बाई डावखुरी आहे आणि तिने हे शेवटपर्यंत लपवलं.

आता कपड्यांविषयी. ही गेल्यापासून कपाटाकडे कुणी बघत नाही, पण माझं अडत नाही, कारण माझी एक पद्धत आहे. आमचा इस्त्रीवाला शर्टाच्या कॉलरमध्ये आतून दोऱ्याच्या बारीक गाठी मारतो आणि पँटच्या पट्ट्यातही मारतो. एक गाठ असलेला शर्ट एक गाठ असलेल्या पँटवर घालायचा. दोनला दोन, तीनला तीन. ही खुबी मी स्वतः हेरली, कुणी सांगितली नाही. लोक म्हणतात, तुमचं मॅचिंग किती नेटकं असतं. मी हसतो. सगळंच उघड करू नये.

११ मार्च, संध्याकाळ

चिरंजीवांनी मागे दिलेला शर्ट आज पहिल्यांदा काढला. त्यात गाठ नाही. जी पँट हाताला लागली ती चढवली. सून दारात आडवी आली. म्हणाली, बाबा, हे नको. विचारलं, का? म्हणाली, उकडेल.

सुती शर्ट. मार्च महिना. उकडेल म्हणे.

तसाच गेलो. भाजीवाली दोनदा वळून बघत होती. माणूस जरा नीटनेटका दिसला की लोकांना सहन होत नाही.

१३ मार्च

इस्त्रीवाल्याला खडसावलं. नव्या शर्टाला गाठ मारायची राहिली, असा निष्काळजीपणा चालणार नाही. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, काका, आम्ही गाठी मारत नाही, मार्करने नंबर टाकतो. त्याने दाखवला. शर्टाच्या शेपटीला, आतून. इतकी वर्षं तिथे होता.

मग गाठी कोण मारतं?

कपाटाला कुलूप नसतं. घराची किल्ली हिच्याकडे, सुनेकडे आणि चिरंजीवांकडे. चिरंजीवांना बूट बांधता येत नाहीत. म्हणजे उरल्या दोघी. पण कशासाठी? माझ्या कपड्यांवर कुणी खुणा का कराव्यात?

चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही.

१४ मार्च

पोटरीचं हिरवं विणतो आहे. हात बसला. एक टाका सुटला तर दिसत नाही, दोन सुटले तर नक्षी वाटते.

पण हिरवी लोकर भराभर संपते आहे. मी भरपूर आणली होती. एवढ्यात कशी संपेल? एकतर दुकानदारिणीने वजनात मारली, नाहीतर घरातलंच कुणी काढून घेतं. सुनेने काल नवा मफलर घातला होता. चौकशी केली. विकतचा निघाला. तरी लक्ष ठेवणे.

१६ मार्च

लेकीचा फोन. पाय फार गार पडतात म्हणाली, काय करता बाबा सध्या? म्हटलं, काही नाही, रिकामाच आहे. तिला सरप्राइज द्यायचंय. मागून हिचा आवाज आला, कपडे नीट घालताय ना?

विचारायला हेच सापडलं? मोठ्या धोरणाने म्हटलं, गाठ बघून घालतो.

 ती लगेच म्हणाली, कुकर झालाय, ठेवते.

शिट्टी ऐकू आली नव्हती.

१७ मार्च

हिरवी संपली. तळव्याला उरलीच नाही. धुक्याची राखाडी रेघ आणि टाचेची गुलाबी मात्र झकास बसली. उद्या दुकानदारिणीचा समाचार.

तोवर मोजा सुनेला दाखवला. तिने तो हातात घेतला, वर केला, उजेडात धरला. तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. म्हणाली, "बाबा, पानगळ काय सुंदर उतरलीय."

मी म्हटलं, काय?

तिने जीभ चावली. म्हणाली, नाही, म्हणजे, वसंतच. वसंतातसुद्धा पानं गळतातच की थोडीफार.

थोडीफार! आठवडाभर पालवी विणली आणि ही पोरगी त्याला पानगळ म्हणते. शिकलेल्या मुलींना निसर्ग माहीत नसतो. ट्यूबलाइटमध्ये वाढलेली पिढी. दिवाणखान्यातला बल्ब बदलणे, त्याचाही दोष असू शकतो.

१८ मार्च

बल्ब बदलला. मोजा तसाच.

लोकरीच्या दुकानात गेलो. मोजा काउंटरवर ठेवला, म्हटलं, यातली हिरवी वजनाला कमी होती, आणखी द्या. दुकानदारिणीने चष्म्यावरून मोजा पाहिला, मग चष्म्यातून पाहिला. मागे वळली आणि एक गुंडा काढून दिला. अगदी तोच. मोज्याला लावून पाहिला, तसूभर फरक नाही.

लेबल वाचलं. तपकिरी.

म्हटलं, बाई, लेबल चुकलंय तुमचं. ती म्हणाली, काका, लेबल बरोबर आहे. म्हटलं, मग हा मोजा काय आहे? म्हणाली, तोही बरोबर आहे, तपकिरी आहे. मी शांतपणे समजावून सांगितलं की ज्या माणसाने उभं आयुष्य रंग विकले त्याच्याशी तिने वाद घालू नये. ती म्हणाली, पिशवी देऊ का?

कंपनीने सगळ्या मालाला उलटी लेबलं लावली आहेत आणि ही बाई ते झाकते आहे. पुरावा गोळा करावा लागेल. जुन्या दुकानात जाऊन शेडकार्ड आणतो. शेडकार्डापुढे सगळ्यांची वाचा बसेल.

२० मार्च, दुपार

जुन्या दुकानात गेलो होतो. पण हे लिहायच्या आधी चहा हवा.

चहा घेऊन पुन्हा बसलो.

आता सगळं मशीनवर होतं, पण मिक्सरवाला तोच आहे. आम्ही त्याला मिक्सरच म्हणायचो. मी काउंटरवर चिठ्ठीवर नंबर लिहायचो, तो मागे डबा ढवळायचा. केस पिकले, पोट सुटलं, बाकी तसाच. मला पाहून उठून उभा राहिला.

मी मोजा आणि गुंडा टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. लोकरवाली, कंपनी, उलटी लेबलं. म्हटलं, शेडकार्ड काढ आणि यातला हिरवा कुठला ते दाखव, म्हणजे तुझ्या साक्षीने तिच्या नाकाला मिरच्या झोंबवतो.

तो मोज्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, वहिनी कुठे आहेत? सांगितलं, लेकीकडे. म्हणाला, तरीच.

तरीच म्हणजे?

त्याने स्टूल ओढलं, मला बसवलं. म्हणाला, "हे बघ, रागावू नकोस. तुला हिरवा आणि तपकिरी एकच दिसतात. गुलाबी आणि राखाडीपण. पहिल्यापासून."

मी हसलो. तो हसला नाही.

पुढचं मी त्याच्या तोंडचं लिहितो, खरं मानतो म्हणून नव्हे, नोंद असावी म्हणून. आमचं लग्न नवीन होतं, मी नुकताच दुकानात लागलो होतो. एक दिवस ही दुकानात आली, मी जेवायला गेलो असताना. मालकांना म्हणाली, त्यांना शेडकार्डाचे सगळे नंबर पाठ आहेत, माणसांशी बोलतात छान, पण रंग त्यांना विचारू नका, नंबर विचारा. मालक म्हणाले, माल नंबरावरच विकला जातो, आपल्याला काय करायचंय. मिक्सरला सांगून ठेवलं, काउंटरवरून आलेली चिठ्ठी एकदा गिऱ्हाइकाला विचारून घेत जा.

म्हटलं, म्हणजे तू माझ्या चिठ्ठ्या तपासायचास?

म्हणाला, "नंबर तुझा कधीच चुकला नाही. फक्त कधी कधी गिऱ्हाईक हिरवा मागायचं आणि तू त्याला तपकिरी पटवून द्यायचास. गंमत म्हणजे ते खूश होऊन न्यायचे. मी दोघांना थांबवलं, बाकीच्यांना जाऊ दिलं."

चहा न घेता निघालो.

२० मार्च, संध्याकाळ

मिक्सरला चढलं आहे. डबे ढवळून ढवळून माणसाच्या डोळ्यांवर परिणाम होतो, तो वास फार वाईट. माझ्यावर जळतो, पूर्वीपासून. काउंटर मला मिळाला आणि त्याला मागची खोली.

उद्या चाचणी घेतो. निःपक्षपाती.

२१ मार्च

पाचही गुंडे टेबलावर मांडले. सुनेला एकटीला बोलावलं, नावं सांगायला लावली, मी कागदावर उतरवली. ती गेल्यावर चिरंजीवांना बोलावलं. दोघांचं तंतोतंत जुळलं. साहजिक आहे, एकाच खोलीत राहतात.

मग इस्त्रीवाला. तेच. त्याला काही खोटं बोलायचं कारण नाही, पण तो सुनेचे कपडे मोफत पोचवतो.

मग कुरिअर घेऊन आलेली मुलगी. घाईत होती, तरी दारातच पाचही नावं सांगितली. तीच. वर विचारलं, काका, सर्व्हे आहे का?

मग वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्याशी पाण्याच्या टाकीवरून माझं बोलणं बंद आहे. त्यांना तर मला खोटं ठरवायची केवढी हौस. मुद्दाम वेगळं सांगतील असं वाटलं. त्यांनीही तीच नावं सांगितली आणि मग विचारलं, डोळे तपासलेत का? आवाज मऊ होता त्यांचा. ते जास्त लागलं.

आता विचार करू. सून, मुलगा, इस्त्रीवाला, कुरिअरची मुलगी, वरचे गृहस्थ, लोकरवाली, मिक्सर. एवढ्या सगळ्यांना एकत्र करून माझ्याविरुद्ध कट करायला कुणाला एवढा वेळ असेल?

फक्त हिला.

२२ मार्च, सकाळ

कपाट उघडून सगळे शर्ट पलंगावर काढले. गाठी पाहिल्या. जुन्या शर्टांच्या गाठी बारीक, एकसारख्या, कापडात रुतलेल्या. नव्यांच्या जरा ओबडधोबड. गेल्या वर्षीच्या शर्टात तर गाठीच्या जागी दोऱ्याचा गुंताच आहे.

हिचाच हात. तिने बटण लावलं तरी मागे अशीच गाठ असते. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, सुनेकडून ओवून घेते. मला वाटायचं उशांच्या अभ्र्यांसाठी.

किती वर्षांचे शर्ट आहेत हे. काही विरलेत. फेकून देऊ का म्हटलं की ही म्हणते, राहू द्या.

२२ मार्च, संध्याकाळ

फोन केला. आडवळणाने सुरुवात करणार होतो, आधी हवा, मग जावई, मग मुद्दा. पण तिने हॅलो म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, गाठी तू मारतेस.

 ती म्हणाली, "कळलं एकदाचं. सुटले बाई. आता दिसत नाही मला दोरा."

म्हटलं, इतकी वर्षं माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस. म्हणाली, डोळ्यांत नाही, कॉलरमध्ये. हसली. मी हसलो नाही. म्हटलं, सांगितलं का नाहीस?

म्हणाली, पहिल्यांदा सांगणारच होते. लग्नानंतर फिरायला गेलो होतो, तुम्ही डोंगराकडे बोट दाखवून सूर्यास्ताचं वर्णन केलंत. सगळे रंग चुकीचे होते. पण ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या कुणाचा नवरा डोंगराबद्दल असं बोलत नव्हता. सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचे थांबला असता. मग मी काय ऐकत बसणार होते?

 म्हटलं, लेक झोपली आहे का? म्हणाली, जागी आहे, ऐकतेय. मागून लेकीचा आवाज आला, बाबा, मी दुसरीत असल्यापासून मला माहितीये.

फोन ठेवला. म्हणजे हातातून ठेवला गेला.

२३ मार्च

दुसरीत असल्यापासून.

दिवाणखान्यात फ्रेम केलेलं एक चित्र आहे. लेकीने लहानपणी काढलेलं. झाड, घर, फुलं, एक माणूस. प्रत्येक गोष्टीवर तिने बारीक अक्षरात रंगाचं नाव लिहिलंय. पानांवर हिरवा. खोडावर तपकिरी. फुलांवर गुलाबी. तिची सगळी चित्रं तशीच असायची. मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचो, बघा पोरीची शिस्त, बापासारखं लेबल लावते.

आज स्टुलावर चढून जवळून पाहिलं. माणसाच्या शर्टावर लिहिलंय निळा. आणि कंसात: हा तुम्हाला दिसतो.

स्टुलावरून उतरायला सुनेला बोलवावं लागलं. गुडघा.

२४ मार्च

मोजे रद्द. कानाला खडा. भिंत तर भिंत. लोकर सुनेला देऊन टाकणे. रोजनिशी बंद.

२४ मार्च, संध्याकाळ

रोजनिशी चालू. सुनेने लोकर घेतली नाही. म्हणाली, ताईंना वसंत हवाय, मला नकोय, माझं ऑफिस खिडकीशी आहे. मग शांतपणे म्हणाली, एक मोजा पानगळीचा झालाच आहे, तळवा विणून पुरा करा. दुसरा वसंताचा करा. त्यात काय, पाय दोन आहेत.

पोरगी बरी आहे. स्वयंपाकघरातली कुजबूज काय होती तेही विचारलं. म्हणाली, आई सांगत होत्या की त्या नव्या शर्टाला गाठ मारायला विसरू नको, आणि मी विसरले.

२६ मार्च

पहिला मोजा पुरा. सर्वार्थाने तपकिरी.

दुसऱ्यासाठी शास्त्रशुद्ध योजना. लेबलं नाहीत, पण माझ्या घरात दुसरी पद्धत आहे आणि ती चाळीस वर्षं टिकली आहे. सुनेला समोर बसवलं, ती रंग सांगत गेली आणि मी प्रत्येक गुंड्याच्या टोकाला गाठी मारल्या. पिवळ्याला एक, हिरव्याला दोन, राखाडीला तीन, गुलाबीला चार, तपकिरीला पाच. आता जगातली कुठलीही शक्ती मला चुकवू शकत नाही. हिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, छान, पण टोक म्हणजे आतलं की बाहेरचं? म्हटलं, काळजी करू नकोस.

बायकांना योजनेवर पटकन विश्वास ठेवता येत नाही.

३० मार्च

वेगात चाललंय. पिवळी पट्टी उत्तम. पोटरीला दोन गाठींचा गुंडा घेतला. आता व्हिडिओतल्या बाईपेक्षा माझा टाका बरा दिसतो. तिला कॉमेंट लिहिली.

२ एप्रिल, सकाळ

गाठी ज्या टोकाला मारल्या होत्या तेच टोक सगळ्यात आधी विणलं जातं. दोन गाठी केव्हाच मोज्याच्या आत गेल्या. काल धुकं विणायला तीन गाठींचा गुंडा घेतला, त्याच्याही गेल्या. मग टाचेचा. जेवायला उठलो, परत आलो तर टेबलावर बिनगाठींचे गुंडे. सूनबाईंनी टेबल पुसलं असावं. किंवा खिडकीतून वारा आला असावा. किंवा

नाही. कुणी काही केलेलं नाही. गाठी मीच विणून टाकल्या. उरलेल्या गुंड्यांची टोकं टाके मोजायच्या खुणांसाठी कापली, तीही मीच.

तळव्याला जो हिरवा वाटला तो घेतला.

२ एप्रिल, दुपार

जावयांचा फोन आला. पहाटे दवाखान्यात नेलं, मुलगी झाली. पंधरा दिवस आधी आली, पण वजन चांगलं आहे, रडते मोठ्याने. लेक ठीक आहे. दोन-तीन दिवसांनी घरी आणतील आणि पुन्हा त्याच खोलीत, त्याच भिंतीसमोर झोपवतील.

चिरंजीव आज संध्याकाळच्या गाडीने जाताहेत. मोजा बोटांशी आला होता. दोन तासांत मिटवला. टाके सुटले असतील, ते उचलत बसायला वेळ नाही.

२ एप्रिल, संध्याकाळ

दोन्ही मोजे शेजारीशेजारी ठेवले. एक पानगळ, एक वसंत, ठरल्याप्रमाणे. मला दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. अगदी जोडी.

सून समोर उभी होती. तिच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर कळलं असतं. विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. मी खिडकीबाहेर झाडाकडे बघत राहिलो. तिने मोजे घडी केले आणि चिरंजीवांच्या बॅगेत ठेवायला नेले. जाताना माझी कॉलर जराशी उलटून पाहिली आणि पुन्हा नीट केली.

मोज्यांत ठेवायला चिठ्ठी लिहिली. तिची नक्कल इथे उतरवून ठेवतो.

"चि. बाळे, तू कशी आहेस? पोरगी कशी आहे? रात्री झोपू देते का? आई थकली असेल, तिला जरा बसायला सांग, आणि तिचे डोळे तपासून घ्या. जावयांना आता घाबरायचं कारण नाही म्हणावं. आम्ही सगळे बरे. वहिनीची सर्दी गेली, दादाचं पित्त जायचंय. माझा गुडघा कसाबसा, बाकी नजर तुला ठाऊक आहे.

सोबत मोजे पाठवतोय. माझ्या हाताचे आहेत. पाय गरम राहतील एवढं नक्की. एका पायात वसंत असावा असा माझा अंदाज आहे. लहानपणी चित्रांवर लिहायचीस तसं, कुठे कुठला रंग आलाय ते लिहून कळव. जमेल तेव्हा नको, लवकर कळव. वाट बघतोय.

तुझा, बाबा."